छोट्या अक्षरातले आबा

पाटीवाल्या बाईंना बागेत सगळे मागून ‘कॅपिटलबाई’ म्हणायचे, आणि हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना त्याचा राग यायचा नाही. राग त्यांना फक्त चुकीच्या गोष्टींचा यायचा, आणि या नावात चूक अशी काही नव्हती.

बाग म्हणजे झोपाळे-घसरगुंड्यांची नव्हे हो. वनस्पतींचा अभ्यास चालतो तसली मोठी बाग. काचघरं, बियांची कोठारं, सहा हजारांवर झाडंझुडपं आणि प्रत्येकाच्या पायाशी नाहीतर गळ्यात एक पाटी. वर झाडाचं शास्त्रीय नाव, खाली इंग्रजीत दोन ओळी माहिती. या सगळ्या पाट्या बावीस वर्षं बाई एकट्याच लिहीत, तपासत आणि बियांच्या कोठारामागच्या खोलीत बसून यंत्रावर कोरून काढत. खोलीत एक यंत्र, एक भिंगाचा दिवा, पत्र्याच्या पट्ट्यांची खोकी आणि एक तपकिरी वही. वहीत इंग्रजीतलं कुठलं अक्षर मोठं काढायचं आणि कुठलं छोटं, याचे नियम.

आता आपल्याकडे ही भानगड नाही. राजा असो की रांजण, ‘र’ एकाच मापाचा. इंग्रजीत मात्र अक्षरांतही थोरामोठ्यांचा मान सांभाळावा लागतो. माणसाचं नाव, गावाचं नाव, भाषा, वार, महिना, यांना मोठं अक्षर. ऋतूंना नाही. “उन्हाळ्याने काय घोडं मारलंय?” असं कारकुनाने एकदा विचारलं, तर बाई म्हणाल्या, “नियम मी केला नाही. मी फक्त पाळते.” दिशेला छोटं, पण तीच दिशा एखाद्या मुलखाचं नाव होऊन बसली की मोठं. नुसती ‘आई’ म्हणून हाक मारली तर आईला मोठं, ‘माझी आई’ म्हटलं की छोटं. हे ऐकून बाईंच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “बरोबरच आहे. माझी माझी म्हणतात आणि कुणी विचारत नाही.”

संचालक साहेबांशी तर दरवर्षी ठरलेली लढाई. हुद्दा नावाच्या आधी आला तर मोठं अक्षर, नावानंतर आला तर छोटं. साहेब दरवर्षी अहवालात नावानंतर हुद्दा लिहून त्याला मोठं अक्षर लावायचे, आणि दरवर्षी बाई लाल शाईने त्यांना जमिनीवर आणायच्या. शेवटी साहेबांनी हात टेकले आणि हुद्दा नावाच्या आधी लिहायला सुरुवात केली. नियमही राहिला, मोठेपणही राहिलं. साहेब उगाच संचालक झाले नव्हते.

बाईंना एकच माणूस ‘कॅपिटलबाई’ असं तोंडावर म्हणायचा, तो म्हणजे आबा. बागेचे मुख्य माळी. चौतीस वर्षांची नोकरी. बाई नोकरीला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका रोपाला पाटीची तार करकचून बांधली होती. आबांनी ती मुकाट्याने सोडली, पुन्हा सैल बांधली आणि म्हणाले, “बाई, झाडालाही गळा असतो. दोन बोटं जागा ठेवत जा.” तेव्हापासून बाईंनी प्रत्येक तारेत दोन बोटं घालून पाहिल्याशिवाय पाटी लावली नाही. आणि तेव्हापासून अकराचा चहा दोघांनी कधी वेगवेगळा घेतला नाही.

आबांची एक खास रीत होती. बाईंची पाटी कुंडीत वर लागायची, पण आबा रोप लावताना मुळांच्या खाली आणखी एक पट्टी पुरायचे. पत्र्याच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिलेली. “वरची पाटी कावळे उपटतात, पोरं उपटतात, आणि फोटोत आड येते म्हणून पाहुणे उपटतात,” ते म्हणायचे. “खालची कोण उपटणार?” खालच्या पाटीवर लॅटिन-इंग्रजी काही नसे. आबांनी स्वतः ठेवलेली नावं असत: ‘रडकी’, ‘हट्टी थोरली’, ‘पाहुण्यांसमोर न फुलणारी’. बाईंनी ती कधी तपासली नाहीत. “जमिनीखाली माझा अंमल नाही,” त्या म्हणायच्या.

आणखी एक गोष्ट आबांनीच त्यांना शिकवली होती. एखाद्या रोपाची ओळख पटत नसेल तर आबा त्याला बिनपाटीचंच ठेवायचे, वर्ष गेलं तरी. खोटी पाटी लावण्यापेक्षा झाड अनाथ राहिलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य बाईंनी तपकिरी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. नियमांच्या वहीत नियम नसलेलं तेवढं एकच वाक्य.

तर झालं असं. आबांच्या काचघरात अकरा वर्षांपासून एक छोटं रोप होतं. बोटभर उंची, मनगटी घड्याळाच्या काट्याएवढी पानं आणि वर्षातून एकदा येणारी निळी फुलं. गेल्या वर्षी एक पाहुण्या शास्त्रज्ञ बाई बाग पाहायला आल्या, त्या कुंडीसमोर थांबल्या आणि तासभर हलल्याच नाहीत. हे रोप आजवर कुणी नोंदलेलंच नव्हतं. त्यांनी त्यावर लेख लिहिला, तो छापून आला, आणि रोपाला नाव मिळालं ते आबांचं. दोन शब्दांचं नाव. दुसरा शब्द म्हणजे ‘आबा’, मागे लॅटिनचं शेपूट लावून.

सगळ्या बागेला आनंद झाला. येत्या शुक्रवारी आबा निवृत्त होणार होते. निरोप समारंभातच पाटीचं अनावरण करायचं ठरलं. बाईंनी आठवडाभर मन लावून ती पाटी कोरली, कडा घासल्या आणि सोमवारी सकाळी रुमालात गुंडाळून काचघरात नेली. कितीतरी दिवसांत त्या एवढ्या खुशीत कुणाला दिसल्या नव्हत्या.

आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं ओळखता यायची. बावीस वर्षं कॅपिटलबाईंबरोबर चहा प्यायल्यावर एवढं तर येणारच. त्यांनी पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

“बाई, माझं नाव छोट्या ‘ए’ने?”

“हो आबा. नियम आहे. पहिला शब्द म्हणजे झाडाचं आडनाव, त्याला मोठं अक्षर. दुसरा म्हणजे त्याचं स्वतःचं नाव, त्याला छोटं. मग ते कुणाच्या का नावावरून ठेवलेलं असेना.”

“माणसाच्या नावाला मोठं अक्षर, हे तुम्हीच सांगत आलात ना इतकी वर्षं?”

“माणसाच्या. हे आता माणसाचं राहिलं नाही, झाडाचं झालं.”

“म्हणजे मी संपलो?”

“अहो, असं कुठे म्हटलं मी!”

आबा पाटी काखेत मारून ताडताड चालत निघाले, मागून बाई. मोठ्या वाटेच्या वळणावरच्या जुन्या झाडापाशी आबा थांबले. त्या झाडाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुणा बड्या असामीचं नाव होतं. जवळच त्याचा दगडी अर्धपुतळा होता, भल्याथोरल्या मिशांचा, म्हणून माळी त्याला मिशाळ साहेब म्हणत. झाडावर जुनी पितळी पाटी होती आणि तिच्यावर दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, चांगलं ठसठशीत.

“हे काय मग?” आबा म्हणाले.

बाईंची जीभ जरा अडखळली. “तेव्हा तशी पद्धत होती. माणसाच्या नावावरून ठेवलं तर दुसऱ्या शब्दालाही मोठं अक्षर द्यायचे. आता बंद झालं.”

“म्हणजे माझी पाळी आली आणि बंद झालं!” आबांनी पाटीवर बोट आपटलं. “मोठा ‘ए’ बघा कसा, शिडीसारखा दोन्ही पाय रोवून उभा असतो. आणि हा तुमचा छोटा? गोगलगाय नुसती! आयुष्यभर गोगलगायी वेचून फेकल्या मी, आणि जाता जाता तुम्ही माझ्या नावात एक बसवलीत.”

“आबा, राईचा पर्वत करू नका.”

“पर्वत नाही, एक शिडी मागतोय. ‘ए’ मोठा करा, तर मी शुक्रवारी येईन. नाहीतर करा समारंभ माझ्याशिवाय.”

एवढं बोलून आबांनी पाटी बाईंच्या हातात दिली आणि कचेरीत जाऊन रजेचा अर्ज टाकला. चौतीस वर्षांत त्या माणसाने एकसलग दोन दिवस रजा घेतली नव्हती. मंगळवारपासून ते आलेच नाहीत.

मंगळवारी अकराचा चहा बाईंनी एकटीने घेतला आणि अर्धा टाकून दिला. बुधवारी घेतलाच नाही. त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता. बावीस वर्षांचा स्नेह, आणि तो एका अक्षरापायी असा दाराबाहेर चालला होता. शुक्रवारनंतर आबा बागेत येणार नव्हते. रुसून गेलेला माणूस मग कुठल्या चहाला भेटणार?

संचालक साहेबांनी बोलावून घेतलं. “द्या हो एक अक्षर मोठं करून. तुमच्या खिशातून जातंय का काही?”

“खोटं होईल ते, साहेब.”

“कुणाला कळणार आहे?”

“मला.”

“तुम्ही तर मलाही नाही सोडलंत,” साहेब उसासा टाकून म्हणाले, “आबांना कुठून सोडणार!”

तरी बुधवारी दुपारी बाईंनी एक कोरी पट्टी यंत्रात अडकवली. मोठा ‘ए’ लावला. यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं. आणि समोर तपकिरी वहीचं पहिलं पान उघडं होतं, त्यावर आबांचंच वाक्य. खोट्या पाटीपेक्षा झाड अनाथ बरं. बाईंनी बोट काढून घेतलं. हे सांगणारा माणूस खोटी पाटी मागतो कसा? आबांना नाव-मानाची हाव कधीच नव्हती. बक्षीस मिळालेल्या गुलाबाचा फोटो काढायचा तर हे महाशय गुलाबामागे लपायचे. काहीतरी पाणी मुरत होतं. पण कुठे, ते बाईंना कळेना.

गुरुवारी सकाळी वेगळंच घोडं अडलं. समारंभासाठी रोप मातीच्या जुन्या कुंडीतून चकचकीत निळ्या कुंडीत हलवायचं होतं, आणि आबांच्या रोपाला हात लावायची बाकीच्या माळ्यांपैकी एकाचीही हिंमत होईना. साऱ्या जगात ओळखीची अशी ती एकच कुंडी. उद्या काही झालं तर आबा आयुष्यभर शिव्या घालतील, असं ज्याने त्याने ऐकवलं आणि जो तो आपापल्या कामाला निघून गेला.

मग बाईंनीच बाह्या सारल्या. देठाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवली, कुंडी उलटी केली, बुडाला हलकेच ठोकलं. मातीचा गोळा अलगद तळहातावर आला. आणि त्याच्याबरोबर पत्र्याची एक पट्टी. आबांची खालची पाटी. बाई ती तशीच नव्या कुंडीत ठेवणार होत्या, त्यांचा अंमल तिथे नव्हताच, पण चष्मा डोळ्यांवर होता आणि बावीस वर्षांची सवय. अक्षर दिसलं की वाचायचं.

पट्टीवर लिहिलं होतं: ‘चप्पलतुटी. खाणीच्या वाटेवर हिला सापडली. मी गवत म्हणालो.’

बाई पालथ्या बादलीवर बसल्या.

गेल्या वर्षीचा दिवस त्यांना लख्ख आठवला. शास्त्रज्ञ बाईंनी विचारलं होतं, “हे सापडलं कुणाला?” सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. संचालक साहेबांनी तर आबांच्या पाठीवर जोरात थाप मारली. आबांनी मान खाली घातली आणि एक शब्द बोलले नाहीत. बाईंना तेव्हा तो विनय वाटला होता.

त्यांनी रोप नीट लावलं, पाणी दिलं, पट्टी पुसून पर्समध्ये टाकली आणि तडक आबांचं घर गाठलं.

आबांच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या बायकोचं इस्त्रीचं दुकान होतं. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. मावशी चादरीवर इस्त्री फिरवत होती. बाईंना बघून तिने इस्त्री उभी केली.

“या बाई. मागे बसलेत, तोंडाचा फुगा करून. सकाळपासून दोनदा पाणी घातलंय कुंड्यांना. तिसऱ्यांदा घातलं तर कुंड्या पोहायला लागतील.”

“उद्या येणार ना तुम्ही समारंभाला?”

“मी केव्हाच साडी इस्त्री करून ठेवलीय,” मावशी म्हणाली. “ह्यांचं विचाराल तर ह्यांनाच विचारा.”

आबा मागच्या अंगणात एका स्टुलावर बसले होते, हातात रिकामी झारी. बाईंना पाहून म्हणाले, “मोठा केलात?”

“नाही.”

“मग कशाला आलात?”

बाईंनी पर्समधून पट्टी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. आबांनी ती वाचली नाही. वाचायची गरजच नव्हती. झारी खाली ठेवली आणि चपलेच्या अंगठ्याशी चाळा करू लागले.

“तुम्ही खालची पाटी वाचलीत,” ते शेवटी म्हणाले. “वाचत नाही म्हणाला होतात.”

“चुकलं माझं. सांगा आता.”

मग आबांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीची सुट्टीची दुपार. दोघं खाणीच्या वाटेने फिरायला गेले होते. वाटेत बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला. ती खाली बसली, आणि तिला दगडाच्या फटीत ते निळं फूल दिसलं. “मला म्हणाली, अहो, हे बघा काय. आणि मी म्हणालो, अगं चल, गवत आहे ते. तेवीस वर्षं झाली होती तेव्हा नोकरीला, बाई. तेवीस वर्षांचा मुरलेला माळी, आणि गवत म्हणालो! हिने केसातला आकडा काढला, मुळासकट उकरलं आणि रिकाम्या डब्यात घालून घरी आणलं. अनवाणी चालली सगळी वाट. मी म्हटलं, नवी चप्पल घेऊन देतो. तर म्हणाली, चपलेचं राहू दे, ह्याला आधी कुंडी द्या.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“बोलणार होतो. तेवढ्यात साहेबांची थाप पडली. पाठीवर थाप पडली ना, की तोंडातलं खरं पोटात जातं. मग म्हटलं उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. मग ते छापूनच आलं.” आबांनी कपाळावर हात मारला. “घरी येऊन हिला सांगितलं, माझं नाव दिलंय. ही म्हणाली, छान. एवढंच. ती भांडली असती तर सुटलो असतो हो. नुसतं छान म्हणाली. वर्षभर ते छान माझ्या घशात अडकलंय. आणि आता तिच्या देखत त्या पाटीवरचा पडदा मी ओढू?”

“म्हणून त्या ‘ए’चा हट्ट?”

आबा ओशाळून हसले. “मला ठाऊक होतं तुम्ही नाही म्हणणार. जग इकडचं तिकडे झालं तरी तुम्ही अक्षर मोठं करणार नाही. त्या भरवशावर तर रुसलो. न जायला कारण पाहिजे होतं, तुमच्या नियमाएवढं पक्कं दुसरं मिळेना.” मग थोडं थांबून म्हणाले, “मिशाळ साहेबाचं मात्र खरंच लागलं मला. ते खोटं नव्हतं.”

बाईंना हसावं की रडावं कळेना. चार दिवस ज्या हट्टासाठी त्यांनी स्वतःला बोल लावला, त्याच हट्टावर हा माणूस निर्धास्त टेकून बसला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, “लबाड आहात. मी चहा सोडला होता तुमच्यापायी.”

“झालं का बोलून?” दारातून आवाज आला. मावशी घडी केलेली चादर छातीशी धरून उभी होती. केव्हापासून, देव जाणे.

आबा स्टुलावरून उठले. “अगं, मी काय म्हणत होतो...”

“ऐकलं मी सगळं. इथून दुकानापर्यंत एक पडदा आहे, भिंत नाही.” तिने चादर स्टुलावर ठेवली. “मला नाव-बिव काही नको होतं. नाव तुम्हालाच शोभतं, माळी तुम्ही. मला एवढंच ऐकायचं होतं की ते गवत नव्हतं. अकरा वर्षं वाट बघतेय. रोज पाणी घालता, उन्हातून सावलीत नेता, सावलीतून उन्हात. पण तोंडाने एकदा म्हणाल तर शपथ!”

“गवत नव्हतं,” आबा पुटपुटले.

“मोठ्याने.”

“गवत नव्हतं!” आबा ओरडले. शेजारच्या गच्चीवरच्या बाईने वाकून पाहिलं.

“बरं,” मावशी म्हणाली. “आता चहा टाकते.”

चहा पिता पिता बाईंनी हळूच सांगितलं की पाटीवर नावाखाली आणखी एक ओळ असते. रोप कुणाला सापडलं त्या माणसाचं नाव. ती जागा त्यांनी आबांसाठी राखली होती, समारंभातच दाखवायची म्हणून कोरायची बाकी ठेवली होती, आणि भांडणात ते सांगायचंच राहून गेलं. “तिथे मात्र माणूस माणूसच असतो, झाड होत नाही. त्यामुळे अक्षर मोठं करावंच लागेल. माझा इलाज नाही. नियम आहे.”

आबांनी कप खाली ठेवला. “म्हणजे हिचं मोठं आणि माझं छोटं?”

“हो.”

“एकाच पाटीवर?”

“एकाखाली एक.”

आबा बायकोकडे बघत राहिले, आणि मग असे काही खो खो हसले की चहा सांडला. पण बाईंनी एक अट घातली: शास्त्रज्ञ बाईंना दुरुस्तीचं पत्र त्या लिहितील, साहेबांना आणि बाकी सगळ्यांना मात्र आबांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आबांनी मान हलवली. या वेळी मान खाली नव्हती.

शुक्रवारी बाई पहाटेच यंत्रावर बसल्या. आधी मावशीचं नाव कोरलं. मग आणखी एक पाटी कोरली, जी कुणी मागितली नव्हती, आणि शिडी घेऊन मोठ्या वाटेच्या वळणावर गेल्या.

समारंभाला सगळी बाग लोटली होती. साहेबांनी भाषण केलं, लांबलचक. मग आबा उठले. खिशातला कागद काढला, तसाच परत ठेवला आणि म्हणाले, “साहेब, मागल्या वर्षी तुम्ही पाठीवर थाप मारलीत ती चुकीच्या पाठीवर. हे रोप मला नाही सापडलं. हिला सापडलं. मी तर गवत म्हणालो होतो.” साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच. मग मागच्या रांगेतल्या माळ्यांनी अशा टाळ्या पिटल्या की काचघराची तावदानं थरथरली.

पडदा मावशीने ओढला. ती पाटीजवळ वाकली. “बाई, ह्यात मी कुठे?”

“ही बघा. दोन शब्द, दोन्हींची पहिली अक्षरं मोठी.”

“आणि हे?”

“ते वर. छोट्या ‘ए’ने.”

मावशीने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. “घरी आहे तसंच आहे की,” ती म्हणाली.

“ह्यासाठी मी तीन दिवस रजा फुकट घालवली,” आबा म्हणाले. मग बाईंच्या कानाशी येऊन कुजबुजले, “येताना पाहिलं मी. मिशाळ साहेबाच्या मिशा उतरवल्यात.”

“नियम सगळ्यांना सारखा,” बाई म्हणाल्या. “पितळी पाटी जपून कपाटात ठेवलीय. नव्या पाटीवर छोटं अक्षर. तुमचं मोठं करता येत नव्हतं, त्यांचं तर छोटं करता येत होतं.”

आबांनी बाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून ठेवला.

पाहुणे पांगल्यावर आबांनी निळी कुंडी मांडीवर घेतली. “वरची पाटी झाली. खालची?” बाईंनी पर्समधून ती जुनी पट्टी काढली. आबांनी ती घेतली, खिशातून शिसपेन्सिलीचं थोटूक काढलं आणि दोन्ही मावशीच्या पुढे केलं. “तुझं रोप. काय लिहायचं ते तू लिही.”

मावशीचं अक्षर वळणदार होतं. गिऱ्हाइकांच्या गाठोड्यांवर नावं घालून हात बसलेला. तिने आबांच्या ओळीखाली, ‘मी गवत म्हणालो’च्या बरोबर खाली, सावकाश एक ओळ लिहिली आणि पट्टी बाईंकडे दिली. “तपासा,” म्हणाली.

बाईंनी चष्मा सारखा केला. लिहिलं होतं: ‘नवी चप्पल अजून आली नाही.’

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. एकही चूक नव्हती. त्यांनी पट्टी आबांच्या हातात दिली, आणि आबांनी मुळांखाली जागा करून ती पुरली.